पंपहाऊसमध्ये रेंज नसते, तेव्हा अ‍ॅपने काय करावे?

प्रश्न : मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत डिझायनर आहे. आमचा ग्राहक इमारतींच्या देखभालीची कंत्राटे घेतो. हिंजवडी, खराडी आणि बाणेर भागातील कार्यालयीन इमारतींत व काही मोठ्या गृहसंकुलांत त्यांचे इलेक्ट्रिशियन, प्लंबर, एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) ऑपरेटर आणि हाउसकीपिंगचे कर्मचारी तीन पाळ्यांत काम करतात. त्यांना कामे वाटून देणारे आणि काम झाल्याची नोंद घेणारे मोबाइल अ‍ॅप आम्ही तयार केले. आता स्थिती अशी आहे की पाळी संपताना सगळी कामे एकदम 'पूर्ण' केली जातात, खरी देवाणघेवाण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालते आणि पंपहाऊसमधले जुने लॉगबुकही भरले जाते. कामगार टाळाटाळ करतात, असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे. म्हणून पुढच्या आवृत्तीत दर काही मिनिटांनी लोकेशन आणि प्रत्येक कामाआधी सेल्फी सक्तीची करा, असा आग्रह आहे. मला हे पटत नाही, पण बैठकीत मांडायला नेमका मुद्दा सापडत नाही. काय बदलू, कुठून सुरुवात करू? अ‍ॅपची भाषा मराठी ठेवावी की हिंदी, हाही प्रश्न आहेच.
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तुमच्या पत्रातच आहे. पाळीच्या शेवटी कामे एकदम बंद होतात, याचा अर्थ काम चालू असताना अ‍ॅप उघडता येत नाही किंवा उघडून काही हाती लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅप चालते, कारण तिथे फोटो टाकला की कोणीतरी पाहते, बोलून सांगता येते आणि 'स्टोअरला सांगितलंय, दुपारपर्यंत वॉशर येईल' असे उत्तरही मिळते. लॉगबुक भरले जाते, कारण उद्या मोटार जळली आणि चौकशी लागली, तर रात्री दोन वाजता कोणी काय पाहिले होते हे सांगणारा तोच एक कागद ऑपरेटरच्या बाजूने उभा राहतो. यात कामचुकारपणाचा पुरावा मला कुठेही दिसत नाही. तुमचे अ‍ॅप व्यवस्थापनाला अहवाल मिळावा म्हणून बांधले गेले आणि तो अहवाल भरण्याचे जादा काम कामगाराच्या अंगावर पडले, एवढेच त्यातून दिसते. माझे सांगणे एकच आहे : ज्याच्या हातात फोन आहे त्याचे काम हलके करील आणि अडचणीच्या वेळी त्याची बाजू मांडील, असे अ‍ॅप बनवा. अहवाल त्यातून आपसूक निघेल.

सुरुवात रेंजपासून करा. पाण्याचे पंप, अग्निशमनाचे पंप, एसटीपी आणि मुख्य वीजपॅनेल बहुतेक इमारतींत तळघरात असतात. म्हणजे तंत्रज्ञाच्या पाळीचा मोठा भाग काँक्रीटच्या जाड भिंतींआड जातो आणि तिथे मोबाइलचा सिग्नल पोचत नाही. 'इंटरनेट नाही, पुन्हा प्रयत्न करा' असा संदेश दाखवणारे अ‍ॅप या जागेच्या कामाचे नाही. पाळी सुरू होताना, गेटजवळ किंवा कंट्रोल रूममध्ये रेंज असतानाच, त्या दिवसाची कामे, यंत्रांची माहिती आणि मागच्या नोंदी फोनमध्ये उतरून घ्याव्यात. पुढची प्रत्येक नोंद आधी फोनमधल्या डेटाबेसमध्ये लिहिली जावी आणि रेंज आली की कामगाराला काहीही करायला न लावता सर्व्हरकडे जावी.

तुमच्या डेव्हलपरना दोन गोष्टी बजावून सांगा. पहिली अशी की नोंदीचा क्रमांक फोनमध्येच तयार झाला पाहिजे, म्हणजे रेंज येत-जात असताना तीच नोंद दोनदा पाठवली गेली तरी सर्व्हरवर तिच्या दोन नोंदी होणार नाहीत. दुसरी अशी की नोंद केल्याची वेळ आणि ती सर्व्हरला पोचल्याची वेळ वेगवेगळ्या साठवल्या पाहिजेत. ही दुसरी गोष्ट किरकोळ वाटते, पण पुष्कळ भांडणांचे मूळ तिच्यात असते : पहाटे तीनला तळघरात घेतलेले रीडिंग सकाळी सातला, माणूस वर आल्यावर, सर्व्हरला पोचले आणि अहवालात सातच छापले गेले, तर रात्रभर जागलेला माणूस झोपला होता असा त्याचा अर्थ लावला जातो. फोनचे घड्याळ मागेपुढे करता येते, अशी शंका व्यवस्थापन काढील. त्यावर उपाय आहे. फोन सुरू झाल्यापासून किती वेळ गेला हे मोजणारे वेगळे घड्याळ अँड्रॉइडमध्ये असते, ते सेटिंगमधून बदलता येत नाही आणि त्याच्याशी ताळा घालता येतो. पडद्यावर मात्र एवढेच दिसावे : 'फोनमध्ये जतन झाले', आणि नंतर 'ऑफिसला पोचले'. फोटो आकाराने लहान करून पाठवा आणि मजकूर त्यांच्या आधी जाऊ द्या. एक जड फोटो अडकला म्हणून रीडिंग अडकून पडू नये.

आता लॉगबुकाकडे वळू. पुढचा आराखडा काढण्याआधी एखाद्या पंपहाऊसमधले लॉगबुक मागून घ्या आणि सावकाश वाचा. पुठ्ठ्याला सुतळीने बांधलेले बॉलपेन, ओल्या बोटांनी फुगलेल्या पानांच्या कडा, तासातासाला घेतलेली प्रेशर आणि अँपिअरची रीडिंग, आणि उजवीकडच्या शेऱ्याच्या अरुंद रकान्यात बारीक अक्षरांत लिहिलेले 'दोन नंबर पंप आवाज करतो, एक नंबरवर चालवणे', 'व्हॉल्व्ह घट्ट आहे, जोर लावू नये', 'फ्लोट अडकतो, टाकी स्वतः बघणे'. पुढच्या पाळीचा माणूस आल्या आल्या हाच रकाना वाचतो, रीडिंग नंतर. तुमच्या अ‍ॅपमध्ये या रकान्याला जागा आहे का? अशा अ‍ॅपमध्ये बहुधा कामांची यादी असते, तक्रारीचा प्रकार आणि उपप्रकार निवडायचा असतो, पण पाळी बदलताना एका माणसाने दुसऱ्याला जे सांगायचे ते सांगायची सोय नसते. माझ्या मते अ‍ॅपचा पहिला पडदा हँडओव्हरचा असावा. मागच्या पाळीने काय अर्धवट सोडले, कोणते यंत्र बंद ठेवले आहे आणि कशाला हात लावायचा नाही, हे तिथे आधी दिसावे. नवी कामे त्याच्या खाली. शेरे त्या त्या यंत्राशी जोडलेले असावेत, म्हणजे एखादा रिलिव्हर, म्हणजे बदलीवर आलेला कामगार, पहिल्यांदाच त्या इमारतीत आला तरी पंपावरचा क्यूआर कोड स्कॅन करताच त्या पंपाच्या खोडी त्याला कळतील.

क्यूआर कोडविषयी थोडे सांगायला हवे, कारण तो बहुतेक वेळा प्रिंटरवर छापून साध्या टेपने चिकटवला जातो आणि पहिल्या पावसाळ्यात निघून येतो. जाड लॅमिनेशन करा किंवा धातूची पट्टी वापरा, ती तापणाऱ्या भागावर न लावता शेजारच्या पॅनेलवर डोळ्यांच्या उंचीला लावा, आणि कोडखाली मोठ्या आकड्यांत यंत्राचा छोटा क्रमांक छापा. कोड खरवडला गेला तरी क्रमांक टाइप करता येतो. एनएफसी टॅगचा, म्हणजे फोन जवळ नेताच वाचल्या जाणाऱ्या चिपच्या स्टिकरचा, मोह टाळा. स्वस्त फोनमध्ये ती सोय बहुधा नसते आणि साधे टॅग धातूवर चिकटवले तर नीट वाचले जात नाहीत.

कामगाराची बाजू मांडणे म्हणजे काय, ते एका साध्या तक्रारीवरून पाहा. सकाळी नऊला बेसिनचा नळ गळत असल्याची तक्रार येते. प्लंबर जातो, तर फ्लॅट बंद. दुपारी दार उघडते, पण स्पिंडल खराब झालेला निघतो आणि स्टोअरमध्ये तो नसतो. खरेदीला सुपरवायझरची मंजुरी लागते आणि सुपरवायझर दुसऱ्या साइटवर असतो. संध्याकाळी तक्रारीची मुदत उलटते आणि अहवालात प्लंबरच्या नावापुढे लाल खूण येते. या सगळ्यात त्याची चूक कुठेच नाही, पण अ‍ॅपला 'पूर्ण' आणि 'अपूर्ण' हे दोनच शब्द येत असतील, तर तो स्वतःला वाचवण्यासाठी वेळेआधी 'पूर्ण' दाबतो आणि नळ दुसऱ्या दिवशी दुरुस्त करतो. म्हणून 'फ्लॅट बंद', 'साहित्य नाही', 'मंजुरी हवी', 'बाहेरच्या एजन्सीचे काम', 'दुसऱ्या तातडीच्या कामावर पाठवले' अशी कारणे एका स्पर्शात निवडता आली पाहिजेत, आणि कारण निवडताच त्याच्या नावावरची मुदत थांबून ती स्टोअरच्या किंवा सुपरवायझरच्या नावावर सुरू झाली पाहिजे. याला वरून विरोध होईल, कारण उशीर कुठे होतो हे त्यातून उघड होते. तरीही यावर तडजोड करू नका. कामगाराला अ‍ॅप आपले वाटण्यासाठी याहून परिणामकारक बदल मला माहीत नाही.

जोडीला, 'महिन्यात किती तक्रारी बंद केल्या' हा आकडा माणसामाणसांत तुलना करण्यासाठी वापरू देऊ नका. जो ऑपरेटर वेळच्या वेळी ग्रीसिंग करतो आणि गाळण्या साफ ठेवतो, त्याच्या इमारतीत तक्रारी मुळात कमीच येतात.

कामाच्या माणसाला न विचारता दिलेल्या साधनाचे काय होते, याचे मोठे उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. २०२१ साली महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल मोठ्या संख्येने परत केले. फोन कमी क्षमतेचे होते, तापत होते, अडकत होते आणि पोषण ट्रॅकर या केंद्राच्या अ‍ॅपमध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागत होती. वर्षानुवर्षे रजिस्टरांत मराठीतून नोंदी ठेवत आलेल्या या स्त्रियांना नोंदी ठेवणे जमत नव्हते, असे कोणी म्हणू शकणार नाही. बैठकीत 'कामगारांना तंत्रज्ञान जमत नाही' हे वाक्य निघाले, तर हा दाखला द्या.

पडद्याबाबत तुम्ही जाणकार आहात, म्हणून जागेमुळे जे बदलते तेवढेच सांगते. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांत स्पर्शाची जागा किमान ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर धरली आहे. हे माप कोरड्या, मोकळ्या हातासाठी ठीक आहे. ओल्या किंवा ग्रीस लागलेल्या बोटासाठी, आणि एक हात शिडीवर किंवा टॉर्चवर असलेल्या माणसासाठी, मुख्य बटणे याच्या दीडपट तरी मोठी आणि पडद्याच्या खालच्या भागात, अंगठ्याच्या टप्प्यात ठेवा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला ४.५ : १ हा कॉन्ट्रास्ट वेब सुलभतेच्या मानकांतली किमान पातळी आहे, मे महिन्यात गच्चीवर तेवढ्याने भागत नाही, त्यामुळे करड्यावर करडे लिहिण्याची सध्याची आवड इथे सोडून द्या. देवनागरीला ओळींत जास्त अंतर लागते, नाहीतर वरचे रफार आणि खालचे उकार कापले जातात; आराखडा इंग्रजी मजकुरावर तयार करून नंतर मराठी ओतली की हे हमखास होते. रीडिंग भरताना आधीचे रीडिंग शेजारी दिसू द्या, आणि नवा आकडा नेहमीच्या मर्यादेबाहेर गेला तर 'पुन्हा पाहा' एवढेच सांगा, नोंद अडवू नका. ज्या रात्री आकडा खरोखरच विचित्र असतो, त्याच रात्रीची नोंद सर्वांत मोलाची असते.

व्हॉट्सअ‍ॅपशी भांडू नका, त्याच्याकडून शिका. कामाला छोटा आवाजी निरोप जोडता आला पाहिजे. जनरेटर चालू असताना आवाजाचे अक्षरांत रूपांतर करणाऱ्या यंत्रणेवर विसंबू नका; मूळ ध्वनिमुद्रण ठेवा, ऐकणारा माणूस समजून घेतो. आणि निरोप कोणी ऐकला, पुढे काय ठरले, हे बोलणाऱ्याला त्याच कामाखाली दिसू द्या. फोटो काढताना घरातली माणसे आणि वस्तू चौकटीत येतात, म्हणून हे फोटो फोनच्या गॅलरीत न जाता अ‍ॅपमध्येच राहावेत.

फोन कोणाचा, हा प्रश्न तुमच्या पत्रात नाही, पण तो आधी विचारा. स्वतःचा फोन वापरायचा असेल, तर डेटाचे रिचार्ज कंपनीने द्यावे, आणि अ‍ॅप जुन्या अँड्रॉइडवर, कमी मेमरीत, घरच्या फोटोंनी भरलेल्या फोनमध्येही चालले पाहिजे. साइटवर सामायिक फोन असेल, तर दर पाळीला ओटीपी मागू नका. तळघरात ओटीपी येत नाही आणि रिचार्ज संपले की नंबरही बंद पडतो. प्रत्येकाचा छोटा पिन पुरेसा आहे. सूचनांवरही फार भिस्त ठेवू नका. २०१५ मधल्या अँड्रॉइड ६ पासून फोन पडून असला की अ‍ॅपची पार्श्वभूमीतली कामे लांबवली जातात, त्यावर अनेक कंपन्या आपापली बॅटरी वाचवण्याची यंत्रणा चालवतात, आणि २०२२ मधल्या अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवण्यासाठी वापरणाऱ्याची परवानगीही घ्यावी लागते. लिफ्टमध्ये कोणी अडकले असेल, तर निरोप फोन करून किंवा वॉकीटॉकीवरच गेला पाहिजे. अ‍ॅपने त्याची नोंद ठेवावी.

एका बाबतीत अ‍ॅपने कामगाराचे संरक्षण केलेच पाहिजे, आणि हे मी कळकळीने लिहीत आहे. एसटीपीच्या आणि सांडपाण्याच्या टाक्यांत विषारी वायू साठतो. आत उतरलेला एक माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. अशा बातम्या आपण पुन्हा पुन्हा वाचतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गटारे आणि सेप्टिक टाक्यांच्या धोकादायक सफाईसाठी माणसे लावण्यासही मनाई केली आहे. त्यामुळे 'टाकी सफाई' हे काम इतर कामांसारखे एका स्पर्शात एखाद्या माणसाच्या नावावर टाकता येता कामा नये. बंद टाक्या, वीजपॅनेल आणि उंचीवरची कामे यांचा वेगळा गट करा. त्यांना जबाबदार अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि किमान दोन माणसे असल्याशिवाय काम सुरूच होऊ नये. शिवाय प्रत्येक कामावर 'धोका आहे, काम थांबवले' असे बटण द्या, जे दाबल्यावर मुदत थांबते आणि निरोप सुपरवायझरच्या वरच्या माणसालाही जातो. सुपरवायझरसमोर तोंडी 'नाही' म्हणणे हंगामी कामगाराला किती जड जाते, हे तुम्ही साइटवर पाहालच.

आता लोकेशन आणि सेल्फी. बैठकीत तत्त्वाची भाषा करण्याआधी कामाची भाषा करा. तळघरात जीपीएस चालत नाही आणि उंच इमारतीत माणूस तिसऱ्या मजल्यावर आहे की तेराव्या, हे ते खात्रीने सांगू शकत नाही. सतत लोकेशन घेतल्याने बॅटरी उतरते आणि पाळीच्या शेवटी फोनच बंद पडतो. अँड्रॉइड १० पासून 'अ‍ॅप वापरत असतानाच' लोकेशन देण्याचा पर्याय वापरणाऱ्याकडे आहे, म्हणजे सक्ती तांत्रिकदृष्ट्याही गळकी आहे. याउलट यंत्रावरचा क्यूआर कोड स्कॅन झाला, की माणूस नेमका त्या पंपापाशी होता हे कळते, आणि तेवढेच जाणून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांना जीपीएस घड्याळे दिली, तेव्हा चुकीच्या नोंदी आणि पगारकपात यांविषयी कामगारांनी तक्रारी केल्या होत्या. यंत्राची चूक माणसाच्या खिशातून वसूल होऊ लागली की त्या यंत्रावरचा विश्वास परत येत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही बैठकीत काढा. माहिती कशासाठी घेतली जाते हे स्पष्ट सांगणे आणि ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचता येण्याची सोय देणे, हे त्यात आहे. हजेरीसाठी पाळीच्या सुरुवातीला एक फोटो, एवढी तडजोड मी मान्य करीन. प्रत्येक कामाआधी सेल्फी हा माणसाचा अपमान आहे आणि त्यातून कामाविषयी काहीही कळत नाही.

तुम्हाला हवा असलेला नेमका मुद्दा मात्र तुमच्या सर्व्हरवरच पडून आहे. आजवरच्या नोंदी काढा आणि पाळीच्या शेवटी बंद झालेली कामे कोणत्या जागेची होती ते पाहा. ती मुख्यतः तळघरातल्या यंत्रांची निघाली आणि लॉबी किंवा कार्यालयीन मजल्यांवरची कामे वेळच्या वेळी बंद झालेली दिसली, तर दोष रेंजचा आणि अ‍ॅपचा आहे हे एका तक्त्यात सिद्ध होते. सगळीकडेच उशीर दिसला, तर अ‍ॅप उघडून कामगाराला काही मिळत नाही हे माझे म्हणणे बळकट होते. दोन्ही बाबतींत सेल्फी हे उत्तर ठरत नाही.

भाषेचे उत्तर सोपे आहे : दोन्ही ठेवा आणि निवड प्रत्येक माणसाची असू द्या. पुण्याच्या साइटवर मराठवाड्यातली माणसे असतात तशी उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशातलीही असतात. शब्द साइटवरचेच वापरा, म्हणजे पंप, व्हॉल्व्ह, एमसीबी, रीडिंग. आणि मीटरवर जे इंग्रजी आकडे दिसतात तेच रीडिंगच्या चौकटीत ठेवा, म्हणजे उतरवताना चूक होणार नाही.

सुरुवात एकाच इमारतीत आणि एकाच कामगटापासून करा. पंप आणि एसटीपी पाहणारे ऑपरेटर सर्वांत योग्य, कारण तिथे अडचणी सर्वांत जास्त आहेत. पहिल्या टप्प्यात हँडओव्हर, रेंजशिवाय चालणारी नोंद आणि काम अडल्याची कारणे, एवढेच पुरे. तक्ते, आलेख, गुणपत्रके नंतर. रात्रपाळीत स्वतः जाऊन बसा, सोबत एखाद्या सहकाऱ्याला घ्या, आणि ऑपरेटरला मते विचारण्यापेक्षा तो अ‍ॅप वापरताना पाहा. सुपरवायझर शेजारी उभा असेल तर कोणीही खरे बोलणार नाही. या चाचणीत कामगारांचा जो वेळ जाईल तो पाळीच्या वेळेत धरला जावा आणि पाळीनंतर थांबावे लागले तर त्याचा ओव्हरटाइम मिळावा, ही अट ग्राहकाबरोबरच्या करारात आधीच लिहून घ्या.